आई तिला 'तुम्ही' म्हणू लागली तेव्हा

आपला प्रश्न असा आहे की, आपण चार वर्षांपासून आपल्या जोडीदार मुलीसोबत राहता, आठ महिन्यांपूर्वी घरी तसे सांगितले, घरच्यांनी भांडण केले नाही पण पुन्हा विषयही काढला नाही. तर त्यांना समोर बसवून एकदा सगळे स्पष्ट बोलून घ्यावे का? माझ्या मते आणखी एक बैठक घेण्यापेक्षा येणे-जाणे चालू ठेवावे. मात्र दोघींनी मिळून, आणि जोडपे म्हणूनच.

माझी जोडीदार कॉलेजपासून आमच्या घरी मैत्रीण म्हणून येत असे आणि आई तिला हक्काने 'अगं' अशी हाक मारत असे. मी खरे नाते सांगितले, त्यानंतरच्या पहिल्याच भेटीत आई दारात म्हणाली, "या, तुम्ही बसा ना." त्या 'तुम्ही'ने जे केले ते आरडाओरड्यानेही झाले नसते. पुढची दोन वर्षे आई तिच्याशी निर्दोष सौजन्याने वागली, आणि त्या सौजन्यात पाय ठेवायलाही जागा नव्हती.

बाबांचे निराळे होते. त्यांनी न रागावता एका डॉक्टरांची वेळ घेतली. आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या माणसाचा विश्वास कागदावर असतो, म्हणून मी त्यांना लिहून दिले की अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्येच समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून वगळले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तिला आजारांच्या वर्गीकरणातून काढले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डॉक्टरांकडे जाणे रद्द केले. आजाराची भीती गेली, दुःख मात्र गेले नाही. उलट आता दोष द्यायला आजारही उरला नव्हता.

मला स्वतःला 'मी लेस्बियन आहे' हे मनात धड म्हणायला अकरा वर्षे लागली होती, आणि आईबाबांनी ते एका संध्याकाळीत पचवावे अशी माझी अपेक्षा होती. शिवाय मला निदान बोलायला जोडीदार होती. ती दोघे कोणाशी बोलणार? न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका असलेल्या जीन मॅनफर्ड १९७२ मध्ये आपल्या समलिंगी मुलासोबत हातात फलक घेऊन मोर्चात चालल्या, तेव्हा इतर पालकांसाठी काहीतरी करा म्हणून लोकांनी त्यांना गळ घातली आणि पुढच्या वर्षी पालकांचा गट उभा राहिला. आपल्या घरच्यांना असा एखादा पालक भेटवून देता आला तर जरूर द्यावा, कारण मुलांचे जे ऐकले जात नाही ते बरोबरीच्या माणसाचे ऐकले जाते.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते. एका घरगुती समारंभात, आईच्या विनंतीवरून, मी जोडीदाराची ओळख 'माझी रूममेट' अशी करून दिली. ती तिथे काही बोलली नाही. रात्री बॅग उघडताना एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी तू एकटी जाऊन ये." आईबाबांना वेळ देत होते मी, पण त्याची किंमत तिने मोजली होती. त्यानंतर मी आईला सांगितले की, तुला नाव द्यायचे नसेल तर देऊ नकोस, पण खोटे नाव मी देणार नाही. (मृत्युपत्र, वैद्यकीय निर्णयांचे अधिकारपत्र यांसारखी कागदपत्रे आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे आताच करून घ्यावीत, त्यासाठी घरच्यांच्या होकाराची वाट पाहू नये.)

मग एकदा पावसात आम्ही दोघी घरी पोहोचलो आणि तिने गळती छत्री बाबांच्या वर्तमानपत्रांवर टेकवून ठेवली. आई आतून कडाडली, "अगं, तुला किती वेळा सांगितलं, ओली छत्री तिथे ठेवू नकोस म्हणून!" वास्तविक असे तिने कधीच सांगितले नव्हते, गेल्या दोन वर्षांत तिने तिला काहीच सांगितले नव्हते. माझी जोडीदार छत्री घेऊन न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नातेवाइकांना आई अजूनही 'हिच्यासोबत राहते' एवढेच सांगते, आणि त्यावरून आमचे दर भेटीत वाजते.