दिशाभूल म्हणजे खोटं बोलणंच का?

परळहून एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी नववीत आहे, घरी टीव्हीवर विरोधी पक्षाच्या एका नेत्याचं भाषण चालू होतं आणि ते म्हणाले की हे सरकार जनतेची दिशाभूल करतंय, अशाने लोकशाहीची तब्येत बिघडत चाललीय. मुलगी म्हणाली, दिशाभूल म्हणजे खोटं बोलणंच ना, मग सरळ 'खोटं बोलतात' असं का नाही म्हणत? आणि दुसरं, तिने निबंधात 'जनतेला दिशाभूल करतात' असं लिहिलं त्यावर बाईंनी लाल गोल केला, तो का?

पहिला प्रश्न फार चांगलाय, मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तर ताई, दोन्ही एकच नाही. खोटं म्हणजे जे झालंच नाही ते झालं म्हणून सांगणं, ते निदान पकडता तरी येतं, कागद समोर ठेवला की विषय संपला. दिशाभूल करायला एकही खोटं वाक्य लागत नाही. सगळं खरंखरं बोलून ऐकणाऱ्याला भलत्याच वाटेला लावता येतं, आणि नंतर विचारायला गेलात तर 'आम्ही असं कुठे म्हटलं होतं' हे उत्तर तयार असतं.

माझ्या घराजवळचंच सांगतो. गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी तुटली होती, पाऊस आठवड्यावर आलेला, म्हणून मी मोबाईलवरून फोटोसकट तक्रार टाकली. चार दिवसांनी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. मला बरं वाटलं. संध्याकाळी कामावरून येताना बघतो तर फरशी तशीच आणि कुणीतरी त्या भगदाडात झाडाची फांदी खोचून ठेवलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला लांबून दिसावी म्हणून. आता त्या मेसेजमध्ये खोटं काय होतं? काहीच नाही. तक्रार निकाली निघाली म्हणजे त्यांच्या यादीतून गेली, फरशी बसवली असं त्यांनी लिहिलंच नव्हतं, ते मी माझ्या मनाने वाचलं. आणि 'काढण्यात आली' या वाक्यात काढणारा माणूस कुठेच नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी तेही कळत नाही.

सरकारी मराठीत अशा जागा खूप आहेत. 'कार्यवाही' आणि 'कारवाई' घ्या. कारवाई म्हणजे कुणालातरी शिक्षा, दंड, निलंबन वगैरे. कार्यवाही म्हणजे नुसती कामकाजाची पुढची पायरी, अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला तरी ती कार्यवाहीच. 'आपल्या अर्जावर उचित कार्यवाही करण्यात येईल' असं पत्र आलं की दहातले आठ जण कारवाई होणार असं समजून घरी जातात. कारकुनाने शब्द बरोबरच वापरलेला असतो, पण समज चुकीची झालेली आहे हे दिसत असूनही कुणी ती दुरुस्त करत नाही, आणि माझ्या मते दिशाभूल सुरू होते ती तिथेच.

मोठं उदाहरण २०१७ चं. जूनमध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, मग चर्चा झाल्या आणि कर्जमाफीबरोबर तीन शब्द घरोघरी पोचले, सरसकट, तत्त्वतः आणि निकष. शेतकऱ्याने ऐकलं 'सरसकट', म्हणजे सगळ्यांना. पण 'तत्त्वतः मान्य' याचा अर्थ कल्पना पटली, द्यायचं कसं ते नंतर बघू, आणि 'निकष' आले की सरसकट उरतच नाही, दोन्ही एका वाक्यात नांदूच शकत नाहीत. शेवटी दीड लाखाची मर्यादा आली. हे मुद्दाम केलं की घाईत झालं यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत, मी शब्दांपुरतं बोलतोय, शब्द ज्या क्रमाने लोकांच्या कानावर गेले त्या क्रमाने आशा लागली आणि उतरली.

आता नेते 'खोटं' का म्हणत नाहीत? एक कारण सभागृहातली सवय. तिथे एखाद्याला खोटारडा म्हटलं की तो शब्द असंसदीय ठरतो, लोकसभेत नियम ३८० खाली अध्यक्ष असे शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. २०२२ साली लोकसभा सचिवालयाच्या असंसदीय शब्दांच्या पुस्तिकेवरून केवढा गदारोळ झाला होता, त्यात 'असत्य' होतं, 'जुमलाजीवी' होतं, इंग्रजीतले लाय, मिसलीड आणि आयवॉशसुद्धा होते, म्हणजे आपलं खोटं, दिशाभूल आणि धूळफेक तिन्ही आले. (अध्यक्षांनी नंतर खुलासा केला की कुठल्याच शब्दावर बंदी नाही, आधी संदर्भ बघून काढलेल्या शब्दांचं ते संकलन आहे.) ब्रिटनमध्ये तर २०२१ च्या जुलैमध्ये डॉन बटलर या खासदार बाईंनी पंतप्रधान सभागृहात खोटं बोलले असं म्हटलं आणि शब्द मागे घेतला नाही म्हणून त्यांनाच त्या दिवसापुरतं बाहेर जावं लागलं. पण टीव्हीवरचं भाषण सभेतलं असेल तर तिथे अध्यक्ष नाहीत की नियम ३८० नाही, तिथे 'खोटं' म्हणायला काहीच हरकत नव्हती. आणि 'दिशाभूल' म्हणायची तर नेत्याने पुढचं वाक्यही बोलायला हवं, कुठल्या विधानावरून लोकांना काय वाटलं आणि खरं काय होतं. ते नाही सांगितलं तर आरोप हवेतच राहतो. आमच्याकडे सत्तेतले आणि विरोधातले दोघंही हा शब्द तसाच मोघम वापरतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण शब्द फार नेमका आहे.

त्यातली 'भूल' बघा ना. दुकानाच्या बिलावर 'चूकभूल द्यावी घ्यावी' असतं ती भूल म्हणजे नकळत झालेली चूक. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर देतात तीही भूल. 'भूलथापांना बळी पडू नका' यातलीही तीच. म्हणून क्रियापद कुठलं येतं त्याला फार महत्त्व आहे. 'दिशाभूल होणे' म्हणजे वाट चुकणे, यात कुणाचा दोष असेलच असं नाही. 'दिशाभूल करणे' म्हटलं की करणारा आला आणि त्याचा हेतूही आला. विधानसभेत मंत्र्यांवर सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल हक्कभंग आणतात तेव्हा सगळा वाद या हेतूवरच असतो, जाणूनबुजून केली का? त्यामुळे एखादा मंत्री 'जनतेची दिशाभूल झाली असेल तर दिलगीर आहोत' असं म्हणाला की मुलीला म्हणावं, ते 'झाली' नीट ऐक.

आणि लोकशाहीच्या तब्येतीचं म्हणाल तर आदिलशाहीत शाह आदिल, लोकशाहीत शाह आपण लोक. निर्णय आपण करायचा आणि तो कानावर आलं त्यावरूनच करणार, मग कानावर येणारं प्रत्येक वाक्य खरं असूनही चित्र चुकीचं असेल तर मत आपलं राहिलं कुठे? त्या नेत्याचं ते वाक्य मला म्हणून पटलं, पक्ष कुठलाही असो.

आता लाल गोल. बाई बरोबर आहेत. 'भूल' स्त्रीलिंगी नाम आहे, ती कुणाची तरी असते, म्हणून 'जनतेची दिशाभूल केली', जशी 'जनतेची फसवणूक केली'. 'जनतेला फसवलं' चालतं कारण 'फसवणे' हे सरळ क्रियापद आहे, त्याच्याच चालीवर लोक हल्ली 'जनतेला दिशाभूल केलं' टाईप करतात, बातम्यांच्या मथळ्यातही दिसतं. निबंधात मात्र 'जनतेची'च लिहायला सांगा, दिशाभूल एक शब्द, मध्ये जागा सोडायची नाही.