१७८० सालचे चांदीचे नाणे

प्रश्न : माझे पणजोबा एडनच्या बंदरात कारकून होते. त्यांच्या पेटीत रुपयाहून बरेच मोठे चांदीचे नाणे सापडले. एका बाजूस डोक्यावरून पदर घेतल्यासारखी भरल्या अंगाची स्त्री आहे, दुसऱ्या बाजूस दोन तोंडांचा गरुड आणि १७८० हे साल. वर कडी डाक देऊन बसवली आहे. सराफ म्हणतात, चांदी हिणकस आहे, म्हणजे नाणे नकली. खरे काय? आणि चिंचेने घासून ते उजळले तर चालेल का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचे सांगतो, कारण त्यात उशीर झाला तर भरून निघत नाही. चिंच, रांगोळी, पावडर यांपैकी काहीही लावू नका. केसांच्या वळणांत आणि गरुडाच्या पिसांत बसलेला काळा थर हा नाण्याच्या वयाचा पुरावा असतो आणि घासल्यावर त्याबरोबर बारीक उठावही झिजतो.

तुमचे नाणे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचे थालर (युरोपातले जुने, मोठे चांदीचे नाणे) दिसते. ती १७८० मध्येच वारली; परंतु अरबस्तान, येमेन आणि इथिओपियाच्या बाजारांत हेच नाणे विश्वासाचे ठरल्यामुळे पुढेही तेच साल कायम ठेवून ते पाडले जात राहिले. व्हिएन्नाखेरीज रोम, लंडन, पॅरिस येथे आणि १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही ते पाडले गेले. म्हणून साल १७८० असले तरी नाणे तेव्हाचेच असेल असे नाही, आणि नंतरचे असले म्हणून ते नकलीही ठरत नाही. सरकारी टाकसाळीतून योग्य वजनाचे व कसाचे निघालेले नाणे आणि कोणी साच्यात ओतलेले नाणे यांतला फरक मात्र काटेकोरपणे पाहायला हवा. छातीखालची ‘एस. एफ.’ ही अक्षरे गुंट्सबुर्ग येथील टाकसाळीच्या दोन अधिकाऱ्यांची आद्याक्षरे आहेत; नंतरच्या नाण्यांवरही ती तशीच असल्याने केवळ त्यांवरून काळ ठरत नाही.

सराफांचा कस बहुधा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकला. या नाण्यात मुळातच हजारी ८३३ चांदी असते, उरलेले तांबे. वजन २८.०७ ग्रॅम, म्हणजे अडीच तोळ्यांना थोडे कमी, आणि व्यास सुमारे ४० मिलिमीटर. तुमच्या नाण्याला कडी असल्याने नुसत्या वजनावर विसंबू नका. ग्रॅमच्या शतांशापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, मग नाणे दोऱ्याने असे बुडवा की ते तळाला वा काठाला टेकणार नाही, आणि कडीखाली अडकलेला हवेचा बुडबुडा हलवून घालवा. नाण्याच्या कोरड्या वजनाला काट्यावरच्या आकड्याने भागले की १०.२ च्या आसपास उत्तर यायला हवे. पितळ किंवा तांबे-निकेल असेल तर ते ९ च्याही खाली येते. लोहचुंबकाला नाणे चिकटले तर ते खोटे खरे, पण चिकटले नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळ आणि शिसेही चिकटत नाहीत.

माझा सर्वांत जास्त भरवसा कडेवर आहे. तिच्यावर ‘न्याय आणि दया’ या अर्थाचे लॅटिन शब्द उठावदार अक्षरांत असतात व मध्ये वेलबुट्टी असते. भिंगातून पाहा : ठशाने पाडलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा धारदार दिसतात. माझ्या हाती आलेल्या एका ओतीव नाण्याचा चेहरा सुबक होता, पण कडेची अक्षरे वितळलेल्या मेणासारखी गुळगुळीत आणि त्यांच्यामधून साच्याची बारीक शीव गेलेली.

कडी काढण्याच्या फंदात पडू नका. डाक वितळवताना नाणे आणखी बिघडते. पणजोबा परतल्याचे साल मात्र घरच्या कागदांत शोधा. ते १९४० पूर्वी परतले असतील आणि नाणे त्यांनीच आणले असेल, तर ते मुंबईचे असू शकत नाही. ते कागद नाण्यासोबतच ठेवा.