तांबी वर चढते म्हणतात, खरं का?

ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या टेबलाशी हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्या मुली विशीच्या आसपासच्या, कडेवर तान्हं बाळ. पुढचं मूल लगेच नको असतं. पण तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, वर छातीकडे चढते, गोळ्यांनी पिशवी खराब होते, हे कानावर पडलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी ही एकीची गोष्ट, ओळख बदलून.

रेखा २१ वर्षांची. बाळ आठ महिन्यांचं, बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलेलं. नवरा चाकणला कंपनीत, पंधरवड्याने घरी येणारा. तेवढ्यासाठी रोजची गोळी कशाला, म्हणून तो येताना मेडिकलमधून ७२ तासांची गोळी आणायचा. ती अडीअडचणीसाठी असते, दर खेपेसाठी नव्हे, हे दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या दोन भेटींत मी सगळं समजावलं. गर्भाशयातून छातीकडे जायला वाटच नसते. तांबी काढली, गोळी थांबवली की पुन्हा दिवस राहू शकतात. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन बंद केल्यावर मात्र काही महिने जावे लागतात. रेखा मान डोलवायची. तिसऱ्या भेटीला पुन्हा तोच प्रश्न.

मग मी सांगणं थांबवलं आणि विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं गं?"

बाळाच्या झबल्याची नाडी ती बराच वेळ बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"आत्यांनी. त्यांना लई त्रास झालता."

"त्यांना घेऊन येशील? तुला चालणार असेल तरच."

विचार करायला तिने आठवडा घेतला. मग दोघी आल्या.

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, केव्हाही उठून जाता यावं तशा. मी सुनेचा विषयच काढला नाही. "तुम्हाला काय झालं होतं?" एवढंच विचारलं.

"दुसऱ्याच्या पाठीवर बसवली. अंगावरून एवढं जायचं, की भांगलायला बसवत नव्हतं. दाखवायला गेले तर म्हणाल्या, एवढं तर होतंच, कशाला रडता? काढून घेतली. वर्षाच्या आत दिवस गेले. तिसऱ्यानंतर आपरेशनच केलं." थोडं थांबून म्हणाल्या, "आजवर मला कुणी इचारलंच न्हाई."

रेखा सासूकडे बघतच राहिली. तिलाही एवढं ठाऊक नव्हतं.

मी सांगितलं, "तुमचा त्रास खरा होता. पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव वाढू शकतो, बहुतेकींचा पुढे कमी होतो, जास्त असेल तर औषध असतं. हे तुम्हाला बसवण्याआधीच सांगायला हवं होतं." त्या खुर्चीत मागे सरकून नीट बसल्या. माझ्या लेखी त्या दिवशीचं काम तिथेच झालं.

बाई माझ्यासमोर एकटी बसली तरी अख्खं घर सोबत घेऊन आलेली असते, या मताची मी आहे. आपण ज्याला गैरसमज म्हणून झटकतो, त्यामागे पुष्कळदा कुणाचं तरी न ऐकलेलं दुखणं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते. तांबी, गोळ्या, इंजेक्शन मिळून दहा टक्केही भरत नाहीत. आधीच्या पिढीने पाळणा लांबवला नाही, एकदम थांबवला. मग सुनेला पाळणा लांबवायचं सांगणार कोण?

म्हणून आशाताईंना माझं सांगणं असतं, सुनेला आधी एकटीला भेटा. तिचा होकार असेल तरच सासूशी बोला. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे घराला बोलवायचं नाही. तिची गोष्ट तिच्यापाशीच राहिली पाहिजे. नवऱ्यांनो, गोळी आणून देण्यापेक्षा एकदा सोबत येऊन बसा. आणि मुलींनो, एक साधन सोसलं नाही तर दुसरं आहे. बदलून मागायला लाजू नका.

रेखाचा नवरा पुढच्या खेपेला आला. डॉक्टरांनी तपासल्यावर तिने छाया ही गर्भनिरोधक गोळी निवडली. त्यात हार्मोन नसतात, अंगावर पाजतानाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तिचे वार आले सोमवार आणि गुरुवार.

महिन्याने सासूबाई घरातलं कॅलेंडरच गुंडाळून घेऊन आल्या. त्या दोन्ही वारांना पेनाने गोल केलेले.

"मॅडम, गुरुवारी तिचा उपास असतो. गोळी चालते न्हवं?"