शहाबादी फरशी: हे शहाबाद कोणतं?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "जुन्या घरातल्या फरशीला आजी 'शाबादी' म्हणायची, गवंडी नुसतं 'शाबाद' म्हणतो. नकाशात पाहिलं तर एक शहाबाद हरियाणात दिसतं, उत्तर प्रदेशातही दिसतं. आपल्याकडे फरशी इतक्या लांबून येत होती का? आणि बरोबर शब्द कोणता?"

इतक्या लांबून नाही. 'शाह' आणि 'आबाद' जोडून झालेली गावं देशात बरीच आहेत. बिहारात तर शाहाबाद नावाचा अख्खा जिल्हा होता. आपल्या फरशीचं शहाबाद मात्र कर्नाटकातलं, कलबुर्गी जिल्ह्यातलं. सोलापूरहून रेल्वेने निघालात की कलबुर्गीच्या पुढे आणि वाडी जंक्शनच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होता. मराठवाडाही त्याच राज्यात होता. तेव्हा आजीच्या दृष्टीने शहाबाद काही परक्या मुलखातलं गाव नव्हतं.

ही फरशी आपल्याकडे एवढी का आली, याचं उत्तर दगडातच आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्याचे चिरे निघतात, खांब आणि पायऱ्या घडवता येतात, पण पातळ सपाट तक्ता त्यातून सहज सुटत नाही. लाव्हा थंड होऊन झालेला दगड तो, पापुद्र्यांनी बनलेला नव्हे. हा काळा पाषाण जिथे संपतो त्या कडेला भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक सुरू होतो, आणि तो मुळातच आडव्या थरांचा आहे. थराच्या सांध्यात छिन्नी बसवून घाव घालायचा, पहार सारून उचलायचं, की दोन-तीन बोटं जाडीचा तक्ता मोकळा होतो. अशा दगडाला सुरुंग लावला तर हाती फरशी येत नाही, खडी येते. सुटलेला तक्ता चांगला की नाही हे जुने गवंडी कानाने ओळखत. हातोडीने टिचकी मारायची: खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर आत तडा.

पण दगड नुसता असून भागत नाही, तो हलवावा लागतो. मुंबईहून सोलापूरमार्गे येणारे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८७१ मध्ये रायचूरला पोचले, आणि तिथे मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाले. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादचा फाटाही निघाला. हा अवजड माल दूरच्या शहरांपर्यंत नेण्याची सोय झाली ती यानंतर. खाणी एकट्या शहाबादेत नाहीत, वाडी, चित्तापूर, सेडम अशा सगळ्या पट्ट्यात आहेत. तरी नाव चिकटलं ते शहाबादचं. विकत घेणाऱ्याला खाण दिसत नाही, त्याला माल कुठून आला तेवढं कळतं. म्हणून 'शहाबादी' हा शब्द मला खाणीपेक्षा मालधक्क्याचाच जास्त वाटतो. कोट्याचंही तसंच. कोटा फरशीच्या मोठ्या खाणी कोटा शहरात नसून रामगंज मंडीच्या बाजूला आहेत, आणि रामगंज मंडीही रेल्वेमार्गावरच आहे. वाडी-हैदराबाद मार्गावरच्या तांदूरचा दगडही असाच स्टेशनाच्या नावाने विकला जातो.

स्वयंपाकघरातल्या ओट्याचा काळा कडप्पा आंध्रातल्या कडपा भागातला. तोही चुनखडकच. लिंबाचा थेंब सांडून राहिला की शहाबादीवर आणि कडप्प्यावर सारखाच फिकट डाग उमटतो, तो आंबट रसाने चुना खाल्ल्यामुळे. आणि कडपा स्टेशन याच मुंबई-चेन्नई मार्गावर आहे. आपल्या जमिनीवरचं गाव आणि ओट्यावरचं गाव एकाच रुळांवरची निघावीत, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

आता शब्दाकडे. मूळ गाव भाषेने किती विसरलं आहे, हे व्याकरणातून दिसतं. 'कडप्पा' आता पुरता मराठी झाला आहे. 'घोडा-घोडे-घोड्याचा' तसं 'कडप्पा-कडप्पे-कडप्प्याचा'. "ओट्याला दोन कडप्पे लागतील" असं गवंडी सहज म्हणतो. पण त्याच गावाला जायचं असेल तर आपण "कडप्प्याला निघालो" म्हणत नाही, "कडप्पाला" म्हणतो. दगडाला सामान्यरूप झालं, गावाला झालं नाही. एकाच नावाचे असे दोन शब्द झाले आहेत.

'शहाबादी' तेवढी पुढे गेलेली नाही. ते अजून विशेषणच आहे आणि 'फरशी' त्याच्या मागे उभी असते. 'पैठणी'ने 'साडी' हा शब्द गाळून स्वतःचं अनेकवचनही मिळवलं: दोन पैठण्या. 'दोन शहाबाद्या' मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, 'शहाबादी फरश्या'च ऐकलंय. गवंड्याचं नुसतं 'शाबाद' ("खाली शाबाद टाकायचं की कोटा?") हा वेगळा प्रकार. तिथे गावाचंच नाव मालाचं नाव झालं आहे, 'कोटा' झालं तसं.

जाता जाता, 'फरशी' अरबी-फारसी 'फर्श'वरून आली, म्हणजे अंथरलेलं, पसरलेलं. नदीवरचा ठेंगणा फरशी पूल याच घराण्यातला. कुऱ्हाडीच्या अर्थाची 'फरशी' मात्र वेगळी, ती 'परशु'ची लेक.

राहिलं शुद्धलेखन. 'शाह'चं मराठीत 'शहा' होतं, जसं शहाजी. म्हणून 'शहाबादी' हे रूप आपल्या वळणाचं आहे. 'शाबादी' ही त्याची बोलीतली झीज: दोन स्वरांमधला 'ह' बोलताना गळतो, 'साहेब'चा 'साब' होतो तसा. त्याला मी चूक म्हणणार नाही. एरवी लिहिताना 'शहाबादी' लिहा. आजीचं बोलणं उतरवून घेत असाल तर 'शाबादी'च ठेवा.