भाड्याचं घर, एक मीटर आणि दोन आकडे

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये नुकताच फ्लॅट भाड्याने घेतला आहे. घरात गॅस नाही, स्टोरेज हीटर आहेत. मीटरवर आळीपाळीने 'रेट 1' आणि 'रेट 2' असे आकडे येतात. वीज कंपनी मात्र 'डे' आणि 'नाइट' रीडिंग मागते. कोणता आकडा कुठे भरायचा? घरमालकालाही ठाऊक नाही.

उत्तर : ही 'इकॉनॉमी 7' जोडणी दिसते. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, बाकीचे सतरा तास महाग, म्हणून एकाच मीटरमध्ये दोन मोजण्या. (महावितरणच्या टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणाऱ्या मीटरची सवय असेल तर जपून. तिथली सवलत सकाळी 9 ते संध्याकाळी 5 आहे, इथे नेमकं उलटं.) 'रेट 1' म्हणजे दिवस, असा नियम नाही, काही मीटरवर तो रात्रीचा असतो. मोठा आकडा तो दिवसाचा, हा अंदाजही तुमच्या घरात फसू शकतो, कारण स्टोरेज हीटर वीज खातात ती रात्री, आणि साठवलेली ऊब दिवसा देतात.

खात्री करायला अर्धा तास पुरतो. दुपारी बाराच्या सुमारास दोन्ही आकड्यांचे फोटो घ्या आणि 2 किलोवॉटचा, प्लगवर चालणारा साधा हीटर तीस मिनिटं पूर्ण ताकदीने चालवा. त्यात साधारण 1 युनिट जातं. जो आकडा पुढे सरकला तो दिवसाचा. नुसती केटल लावून भागत नाही. 3 किलोवॉटची केटल तीन मिनिटांत 0.15 युनिट घेते, आणि दशांश न दाखवणाऱ्या मीटरवर तेवढ्याने काही हललेलं दिसेलच असं नाही.

रीडिंग भरताना दशांश चिन्हाच्या डावीकडचेच अंक घ्या. 18342.7 चं 183427 झालं की बिल पाहून घाम फुटतो. चावी हातात आली त्याच दिवशीचे दोन्ही आकडे आणि मीटरचा क्रमांक फोटोत पकडून कंपनीला कळवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूची वीज तुमच्या माथी येईल.

मग बिल उघडा. कंपनीच्या नोंदीत दिवस-रात्र उलटी झालेली असणं ही नेहमीची भानगड आहे. तसं असेल तर हीटरची सगळी वीज महाग दराने लागते. फोटो जोडून लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. चूक कंपनीची असेल तर बारा महिन्यांहून जुन्या वापराची थकबाकी ती तुमच्याकडून वसूल करू शकत नाही.

स्वस्त तासांची वेळ भागानुसार बदलते, कंपनीला विचारून घ्या. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे केली जातात, पण बरेच जुने टायमर त्यांच्याबरोबर सरकत नाहीत. हिवाळ्यात 12:30 ते 7:30 असलेली वेळ तेव्हा 1:30 ते 8:30 होते, आणि पाऊण वाजता लावलेलं वॉशिंग मशीन महाग विजेवर फिरतं.

मीटरशेजारी 'रेडिओ टेलिस्विच' लिहिलेली पेटी असेल तर थांबू नका. रेडिओ लहरींवरून दर बदलण्याची ती सेवा 30 जून 2025 पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. संकेत थांबला की हीटर रात्री तापतच नाहीत किंवा दिवसभर तापत राहतात. नवा मीटर मागून घ्या.

प्रश्न : आमच्या भाड्याच्या घरात गॅस बॉयलर आहे, तरी मीटर दोन दरांचा. भाडेकरूला एकच दर मागता येतो का?

उत्तर : बिल तुमच्या नावावर असेल तर येतो. आधी हिशेब करा. समजा एकच दर 25 पेन्स. दोन दरांत दिवसा 30 आणि रात्री 15. मग एकूण वापराच्या किमान एक तृतीयांश वीज रात्री गेली तरच बरोबरी होते. तुमच्या घरात रात्री फ्रिज आणि राउटरच चालत असतील तर तोटाच. काही कंपन्या मीटर तसाच ठेवून दोन्ही आकड्यांची बेरीज करतात आणि एकाच दराने बिल देतात. आधी तेच मागा. मीटरच बदलायचा असेल तर भाडेकरार वाचा आणि घरमालकाला ईमेलने कळवा, कारण घर सोडताना जुनी व्यवस्था परत करून द्यायची वेळ तुमच्यावर येऊ शकते.