रानपिंगळ्यासाठी थेट मेळघाट? जरा थांब

रानपिंगळा, म्हणजे ते छोटं रानातलं घुबड, बघायला मेळघाटचं तिकीट काढायची घाई करू नकोस. १८८४ नंतर शंभरावर वर्षं बेपत्ता असलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ सापडला, हे खरं. पण २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही दिसला, म्हणजे आपल्या ठाण्याहून पहाटे निघून दुपारी घरी.

आधी सोसायटीतला साधा पिंगळा नीट बघून घे. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या जवळजवळ नाहीत. शिवाय रानपिंगळा हा पठ्ठ्या दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, रात्री टॉर्च घेऊन भटकायचं कारणच नाही. स्पीकरवर आवाज लावून पक्षी बोलावणारा गाइड भेटला तर सरळ नाही म्हण, विणीच्या काळात तर हमखास. दुर्बीण ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. कॅमेऱ्याचं नंतर बघू.