डेमो कोणाच्या आवाजात होता?

पत्र: नमस्कार मॅडम. माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती गाणी लिहिते, चालीही तिच्याच असतात. आतापर्यंत चार गाणी एका यूट्यूब चॅनेलवाल्यांनी प्रत्येकी ५,००० रुपये देऊन घेतली आणि दुसऱ्या मुलींकडून गाऊन घेतली. त्यातलं एक बरंच चाललं, आमच्या भावकीत एका हळदीला वाजलं. आता ती म्हणते, यापुढे माझी गाणी मीच गाणार आणि त्यासाठी कॉलेज सोडणार. कॅरोल किंग नावाच्या कुणा अमेरिकन बाईंनी असंच केलं होतं म्हणे. तिचे बाबा म्हणतात, ‘लिहितेस ते ठीक आहे, पण तुझा गळा गायचा नाही.’ गाण्याच्या दोन परीक्षा दिल्यात, पुढे सोडून दिलं. या कॅरोल किंग कोण? आणि गाणी लिहिणाऱ्याला गायक होता येतं का?
– एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलीने उदाहरण चांगलं निवडलंय. फक्त मधली दहा-अकरा वर्षं गाळून सांगितलंय. या वयात आपण सगळेच तसं करतो. तेव्हा आधी ती वर्षं सांगते, मग तुमच्याकडे वळते.

कॅरोल किंगचा जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कचा. ब्रुकलिनमध्ये वाढलेली मुलगी, मूळ आडनाव क्लाइन. आणि एक गोष्ट तुमच्या मुलीलाही बहुधा ठाऊक नसेल: तिने आधी गाऊनच पाहिलं होतं. १९५८ मध्ये, शाळकरी वयात, तिच्या आवाजातली रेकॉर्ड निघाली आणि कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे क्वीन्स कॉलेजात जेरी गॉफिन भेटला. १९५९ मध्ये दोघांचं लग्न झालं तेव्हा ती १७ वर्षांची होती. बाळ होणार होतं. दोघांनी कॉलेज सोडलं हे खरं, पण ते गाण्यासाठी नाही, घर चालवायला. तो एका कंपनीत केमिस्टच्या हाताखाली लागला, ती सेक्रेटरीच्या कामाला. गाणी व्हायची संध्याकाळी, घरी आल्यावर. चाल तिची, शब्द त्याचे.

त्यांना घेतलं आल्डन म्युझिक नावाच्या कंपनीने. ब्रॉडवेवर १६५० क्रमांकाच्या इमारतीत तिचं ऑफिस होतं. लहान लहान खोल्या, प्रत्येकीत एक पियानो आणि पलीकडच्या खोलीत दुसरी जोडी त्याच गायकासाठी गाणं रचत बसलेली. दहा लिहिली तर एखादं उचललं जाणार. मला हे वाचताना आपल्याकडची पेढी आठवते, जिथे पोरगा आधी दोन वर्षं नुसता हिशेब लिहितो. ‘द शिरेल्स’ या मुलींच्या गटाने त्यांचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ गायलं. १९६१ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा कॅरोल १८ वर्षांची, एका मुलीची आई होती. गॉफिनने नोकरी सोडली ती त्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवा.

पुढची काही वर्षं या दोघांची गाणी सगळीकडे वाजत होती, दुसऱ्यांच्या गळ्यातून. ‘द ड्रिफ्टर्स’नी ‘अप ऑन द रूफ’ गायलं, १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने ‘अ नॅचरल वुमन’ गायलं. बीटल्सनी आपल्या पहिल्या अल्बममध्ये यांचं ‘चेन्स’ घेतलं.

आता खरा मुद्दा. या गायकांना गाणं दाखवायचं कसं? त्यासाठी डेमो करायचा. पियानो वाजवत स्वतःच गायचं, रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. गायक मग तेच ऐकून गाणं बसवणार: कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द ओढायचा, कुठे थांबायचं. म्हणजे ज्या वर्षांत कॅरोल किंग ‘गायिका नव्हती’, त्याच वर्षांत ती मायक्रोफोनसमोर सतत गात होती. ऐकणारे फक्त धंद्यातले चार लोक होते, एवढंच. डेमो कधीकधी दारातून निसटून थेट बाहेरही यायचा. घरी मूल सांभाळायला येणाऱ्या ईव्हा बॉइडकडून त्यांनी ‘द लोको-मोशन’चा डेमो गाऊन घेतला. तो इतका जमला की तिच्याच आवाजात, ‘लिटल ईव्हा’ या नावाने बाहेर आला आणि १९६२ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी बॉबी व्ही या गायकासाठी केलेला कॅरोलचा स्वतःचा एक डेमोही तसाच बाजारात आला. अमेरिकेत तो २२ व्या क्रमांकापर्यंत गेला, इंग्लंडमध्ये तिसऱ्या. पुढची एक-दोन गाणी पडली आणि ती मुकाट्याने पुन्हा लिहायला बसली. त्यात काही गेलं असं तिला वाटलं नाही, निदान वागण्यात तरी ते दिसत नाही.

१९६८ मध्ये संसार मोडला. दोन मुलींना घेऊन ती लॉस एंजेलिसला गेली. तिथे ‘द सिटी’ नावाचा तिघांचा बँड काढला, अल्बम केला. तो चालला नाही, कारण स्टेजच्या भीतीने ती दौऱ्यावर जायलाच तयार नव्हती. १९७० मध्ये स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, त्याचं नावच ‘रायटर’. तोही बेताचाच चालला. मात्र त्या काळात ती जेम्स टेलर या गायकाच्या साथीला पियानो वाजवत होती. त्याच्या एका कार्यक्रमाआधी त्याने तिला सांगितलं, आज ‘अप ऑन द रूफ’ तू गा. कार्यक्रम होता क्वीन्स कॉलेजात, जे तिने मध्येच सोडलं होतं तिथेच! टेलरने प्रेक्षकांना सांगितलं की हे गाणं हिने लिहिलंय, आणि ती गायली. लोकांना गाणं आधीच पाठ होतं. पहिल्यांदाच पुढे येऊन गाणाऱ्याला याहून भक्कम आधार कुठला मिळणार?

मग १९७१ च्या फेब्रुवारीत ‘टॅपेस्ट्री’ आला. निर्माता लू ॲडलर. त्याला हवा होता तो तिच्या डेमोंचाच बाज: पियानोशी बसलेली एक बाई आपल्यासाठी गातेय असा. दहा वर्षांपूर्वीचं शिरेल्सचं गाणं तिने इथे संथ लयीत गायलं. १८ व्या वर्षी बांधलेल्या चालीवर आता २८ वर्षांची, घटस्फोट झालेली बाई विचारते, उद्या प्रेम राहील का? सवड मिळाली तर दोन्ही पाठोपाठ ऐका. अल्बम सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. पुढच्या वर्षी चार ग्रॅमी मिळाले. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सुमारे एक लाख लोकांसमोर ती गायली, तीच स्टेजला घाबरणारी.

आता तिच्या बाबांचं बोलणं. गळ्याबद्दल ते खरं बोलत असतीलही, मी मुलीला ऐकलेलं नाही. पण कॅरोल किंगचा गळाही ‘गायचा’ नाही. किंचित खरखरीत, वरच्या सुरात ताणला जाणारा, शेजारच्या घरातून ऐकू यावा तसा. ‘अ नॅचरल वुमन’मध्ये अरीथा फ्रँकलिनच्या शेजारी ती उभीच राहू शकत नाही, आणि तरी तिने ते ‘टॅपेस्ट्री’त घेतलं. आपल्या घरांत गाणं म्हणजे लताबाई, नाहीतर काहीच नाही, असं मोजमाप असतं. त्याच महाराष्ट्रात वामनदादा कर्डक स्वतःची गाणी स्वतः गात गावोगाव फिरले आणि २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या कार्यक्रमाला लोक तिकीट काढून येत राहिले. तिथे संदीप खरेंकडून तान ऐकायला कोण जातं? कवीच्या तोंडून कविता ऐकायची असते.

पण बाबांच्या बोलण्यात एक चूक आहे. ‘लिहिणं’ आणि ‘गाणं’ असे दोन डबे त्यांनी केलेत. आपल्या भाषेनेही केलेत: गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. इंग्रजीतल्या साँगरायटरला आपल्याकडे एक शब्दच नाही. खरं तर कॅरोल किंग आपल्या हिशेबाने बराच काळ फक्त संगीतकार होती. शब्द तिने स्वतः लिहायला घेतले ते संसार मोडल्यावर, आणि तेव्हाही सगळे नाहीत. ‘टॅपेस्ट्री’तल्या ‘इट्स टू लेट’चे शब्द टोनी स्टर्न या मैत्रिणीचे आहेत. तुमची मुलगी विसाव्या-एकविसाव्या वर्षी शब्द आणि चाल दोन्ही स्वतः करते. त्या बाबतीत ती पुढेच आहे.

यातूनच पैशाचा प्रश्न येतो आणि मला काळजी आहे ती इथे. चार गाण्यांचे वीस हजार मिळाले, पण सही कशावर केली? माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकाने व्हॉट्सॲपवर आलेल्या दोन ओळींना ‘ओके’ लिहून आपली सात गाणी देऊन टाकली होती. आता स्वतःचं गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं की त्याच्यावरच हक्काचा दावा लागतो. जेम्स टेलरने ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ गाऊन १९७१ मध्ये पहिला क्रमांक गाठला, तेव्हा कॅरोल किंगला राग यायचं कारण नव्हतं. गाणं तिचं होतं, ते कुणीही गायलं तरी तिच्या घरी पैसे येणार होते.

आपल्या कायद्यातही याची सोय आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणातल्या गाण्याचा हक्क गीतकार-संगीतकाराने कंपनीला दिला, तरी त्या गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. म्हणजे करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलं असलं, तरी हा वाटा संपत नाही. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, करते. मुलीने तिथे गीतकार आणि संगीतकार अशी दोन्ही नात्यांनी नोंद करावी आणि चारही गाणी तिथे नोंदवावीत. पुढच्या करारात एक ओळ हट्टाने घालून घ्यावी: हे गाणं माझ्या आवाजात गाण्याची आणि प्रसिद्ध करण्याची मला मोकळीक राहील. वकिलाला दाखवूनच सही करावी. त्याची फी पाच हजारातून गेली तरी चालेल.

कॉलेजचं म्हणाल तर तिसरं वर्ष चालू आहे, उरलं दीड वर्ष. मी कॉलेज सोडण्याच्या सरसकट विरोधात नाही. मी स्वतः दोन मुलांना सोडायला सांगितलंय, कारण ती तिथे कुजत होती. तुमची मुलगी नापास होत नाही, कंटाळलेली नाही, तिला फक्त घाई झालीय. आणि घाईचं कारणही मला पत्रात दिसतं: हळदीला गाणं वाजलं आणि कुणालाच माहीत नव्हतं की ते तिचं आहे. बरोबर ना? हे दुखतंच. पण त्याला औषध कॉलेज सोडणं नाही, स्वतःच्या आवाजात गाणं बाहेर काढणं आहे, आणि ते आज रात्री हॉस्टेलच्या खोलीतूनही होतं. कॉलेजचा संघ फिरोदिया करंडकाला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, उतरत असेल तर संगीताची बाजू तिने मागून घ्यावी. महिन्यातून एकदा चाळीस-पन्नास माणसांसमोर, गणपतीत, कोजागिरीला, एखाद्या कॅफेत, फक्त आपली गाणी गावीत. लिहून विकणंही थांबवू नये. त्यातून पैसे येतात, आणि त्याहून मोठं म्हणजे, कुणीतरी मागितलेलं गाणं ठरलेल्या दिवशी देण्याची सवय लागते. डिग्री हातात आल्यावर वर्षभर नोकरी न करता हेच करायचं असेल, तर तेव्हाचा खर्च कोण करणार हे आत्ताच तिघांनी बसून ठरवा. बाबांसमोर, आकड्यांत.

त्याआधी एक काम तुमच्याकडे. ती चार गाणी चॅनेलवाल्यांना तिने कागदावर लिहून तर पाठवली नसणार. कुणीतरी ती गाऊन दाखवली असणार. त्या फाइली तिच्या फोनमध्ये असतील, डिलीट केल्या नसतील तर. हळदीला वाजलेल्या गाण्याची फाइल मागून घ्या आणि तिच्या बाबांना ऐकवा. कोण गातंय ते आधी सांगू नका.